चार नंबरची टाकी

खुलाशासाठी खात्यानं मला चार ओळी दिल्यात. छापील कागद आहे. वर नाव, हुद्दा, विभाग, आणि खाली ठिपक्याठिपक्यांच्या चार ओळी. ‘प्लास्टिकच्या बादलीची दूध साठवण्याची टाकी म्हणून नोंद का केली, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’ आज तिसरा दिवस. चार ओळींत माझा नुसता संतापसुद्धा मावायचा नाही. म्हणून आधी सगळं या जुन्या वहीत लिहून काढते, मग बघू त्या चार ओळींचं काय करायचं ते.

मी दुधाचे नमुने घेते. वीस गोठे माझ्याकडे आहेत. जनावरांतून माणसांत येऊ शकणारे काही विषाणू असतात, गाय आजारी पडली की ते तिच्या दुधात उतरतात. प्रत्येक गायीच्या नाकात काडी घालत बसण्यापेक्षा टाकीतली एक बाटली तपासली की सगळ्या गोठ्याचं कळतं. कल्पना चांगली आहे, आजही म्हणेन. महिन्यातून दोनदा गोठ्यावर जायचं, टाकीतला पंखा पाच मिनिटं फिरू द्यायचा, लांब दांड्याच्या पळीनं वरून दूध काढायचं, बाटली भरायची, झाकणाला सील लावायचं, सीलवर टाकीचा नंबर आणि माझी सही. मग बाटली बर्फाच्या पेटीत. पोरंसोरंसुद्धा मला बाटलीताई म्हणतात. मला राग नाही त्याचा. कामच ते आहे.

आणि काम मी चोख करते हो! डोळ्यांत तेल घालून करते. पंखा चार मिनिटांत बंद केला म्हणून मी एका मुकादमाला सगळ्यांसमोर झापलंय. साहेबांनी बैठकीत माझं उदाहरण दिलंय. तेव्हा मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, खोटं कशाला बोलू.

माझ्या वीस गोठ्यांतला सर्वांत मोठा गोठा सात नंबरचा. तीन टाक्या, स्टीलच्या, माणूस आत उभा राहील एवढ्या. तिथे धारा काढायला माझी धाकटी बहीण आहे. तिला नोकरी लागून नऊ वर्षं झाली. सकाळी चारला उठायची, पण तक्रार म्हणून नाही. गायींशी बोलते, त्यांना शिव्याही घालते, आणि घरी येऊन कुठल्या गायीनं आज काय नखरे केले ते मला फोन करून सांगते. मेहुणे ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणून तिचं दुखलं खुपलं सगळं माझ्या कानावर पहिलं.

तर त्या गोठ्यात तिसऱ्या टाकीच्या पायाशी एक पिवळी बादली असते. पंधरा लिटरची, घट्ट झाकणाची. तिच्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिचीच आहे.

कुठल्याही गोठ्यावर आजारी गायीचं दूध टाकीत जात नाही. ताप आलेली, चारा सोडलेली, दूध घट्ट पिवळट झालेली, इंजेक्शन दिलेली, अशा गायी शेडच्या टोकाच्या कप्प्यात बांधतात. त्यांना मशीन लावत नाहीत, मशीनमधून दुखणं दुसऱ्या गायीला जाऊ नये म्हणून. त्यांची धार हातानं काढतात आणि बादलीत टाकतात. ते दूध विकायचं नाही. थोडं मांजरांना, बाकीचं मोरीत. सगळीकडे असंच असतं आणि टाकीच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे.

पण मी काय करत होते? आजारी गायी बाजूला काढून झाल्या की मी जायचे, आणि उरलेल्या ठणठणीत गायींच्या दुधात आजार शोधायचे. वर्गातली तापानं फणफणलेली पोरं घरी धाडायची आणि उरलेल्यांची नाडी बघून शाळा निरोगी म्हणून जाहीर करायची, तसला प्रकार. अकरा महिने मी हेच केलं. आणि ऐका, नमुन्यांची माझी पेटी ठेवायला तिथे दुसरी कोरडी जागा नाही. म्हणून पेटी मी त्या पिवळ्या बादलीच्या झाकणावरच ठेवायचे. ज्यात शोधायचं त्याच्यावर पेटी ठेवून शेजारच्या टाकीत पळी घालत होते. हसा पाहिजे तर. मला हसू येत नाही.

दर पंधरा दिवसांनी निकाल यायचा. ‘विषाणू आढळला नाही.’ यंत्रणेच्या यादीत सात नंबरच्या गोठ्यापुढे हिरवा चौकोन. त्याची छापील प्रत मी स्वतः प्लास्टिकमध्ये घालून शेडच्या भिंतीवर चिकटवली होती. मला काय, कौतुक वाटलं. बहीण काम करते तो गोठा, आणि बहिणीनंच तपासलेला.

दोन महिन्यांपूर्वी धाकटी मला म्हणाली, “ताई, आमच्या शेडमधली मांजरं मेली गं. तिन्ही. आंधळ्यासारखी गोल गोल फिरत होती, भिंतीला धडकत होती.”

मी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, “उंदरांचं औषध खाल्लं असणार, दुसरं काय.” मी मान डोलावली. मांजरं कुठल्या बादलीतलं दूध पीत होती हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला नाही. नमुने घेणारी मी, आणि डोकं बहुतेक पेटीत बर्फाखाली ठेवून हिंडत होते.

मग एका रविवारी ती माझ्याकडे आली होती. ओट्याशी उभी राहून भाजी चिरत म्हणाली, “टोकाच्या कप्प्यात आता सहा गायी झाल्यात. हातानं काढताना लाथा झाडतात, दूध उडतं तोंडावर, डोळ्यांत जातं. मी मुकादमाकडे तो बंद चष्मा मागितला, सगळीकडून झाकलेला असतो ना, तसला. तर तो भिंतीवरचा कागद दाखवतो. म्हणे, तुझ्याच बहिणीनं लावलाय, गोठा स्वच्छ आहे, चष्मे कशाला? ताई, खरंच काही होत नाही ना गं?”

आणि मी म्हणाले, “काही होत नाही. अकरा महिने एकही बाटली खराब आली नाही. खुशाल काम कर.”

ती खुशाल कामाला गेली. माझ्यावर विश्वास ठेवून गेली.

आठ दिवसांनी, सोमवारी सकाळी तिचा फोन. आवाज बसलेला. “ताई, डोळे आलेत. ताप पण आहे.” मी गेले तर दोन्ही डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या, अंग चटका बसेल असं तापलेलं. तिला तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला चांगल्या. त्यांनी विचारलं, काम काय करता? धाकटी म्हणाली, सात नंबरच्या गोठ्यात धारा काढते. डॉक्टरीणबाई लगेच सावध झाल्या. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, कळतंय यांना. कॉम्प्युटरवर त्यांनी काहीतरी शोधलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. सात नंबरचा गोठा. हिरवा चौकोन.

“तुमच्या गोठ्यात काही नाही,” त्या म्हणाल्या. “असतं तर घशातला आणि डोळ्यातला नमुना घेतला असता, खास औषधही सुरू केलं असतं. पण ते किट आणि औषध फक्त लाल गोठ्यांतल्या लोकांसाठी देतात. तुमचे नमुने वर्षभर वेळच्या वेळी गेलेत, कुणी घेतलेत माहीत नाही, पण काम अगदी व्यवस्थित आहे. हे साधं डोळे येणं आहे, सोबत ताप. थेंब देते.”

“नमुने मी घेतलेत,” मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी कौतुक स्वीकारतेय. त्या हसल्या.

रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. सहा गायी. मांजरं. हातानं काढलेली धार. माझी पेटी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि पहिल्यांदा ती आग माझ्यावरच होती. धाकटी खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. तिचा श्वास गरम लागत होता मानेला.

मंगळवारी पहाटे मी माझी पाळी नसताना गोठ्यावर गेले. मुकादम म्हणाला, “आज कशा काय?” पेटी जमिनीवर ठेवली, ओल्यात. बादलीचं झाकण उघडलं. आतलं दूध पिवळट, घट्ट गोळे आलेलं. दोन हातमोजे, तोंडावर पट्टी, माझा स्वतःचा बंद चष्मा. हो, माझ्याकडे होता! मला नोकरीत मिळाला होता, टाकीत वाकून बघताना लावायला. बाटली भरली, सील लावलं, आणि टाकी क्रमांकाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: बादली.

गुरुवारी सकाळी बाटली परत आली. सील न फोडता. वर चिठ्ठी: ‘टाकी क्रमांक नाही. नमुना अपात्र.’

मी प्रयोगशाळेत फोन लावला. नमुने लावून घेणारी मुलगी ओळखीची. म्हणाली, “ताई, तुम्ही नंबरच्या जागी बादली लिहिलंय.”

“बादलीतलंच आहे म्हणून लिहिलंय.”

“पण यादीत बादली नाहीये ना. मशीन नंबर मागतं.”

“अगं, मशीनला सांग ना, माझी बहीण तापानं फणफणलीय म्हणून!”

“मला कळतंय हो, पण...”

“उघडून तरी बघायची होतीस गं बाई.”

“अपात्र नमुना उघडायचा नसतो, ताई. नियम आहे.”

दोन दिवस! माझ्या बहिणीचे दोन दिवस त्या बाटलीबरोबर फ्रीजमध्ये पडून होते. साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, “आपण टाकी तपासतो, कारण टाकीतलं दूध लोक पितात. बादलीतलं कोणी पीत नाही.” मी विचारलं, “आणि बादलीत हात घालतात ती कोण? माणसं नव्हेत?” ते म्हणाले, “तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.” मग काय कागदाच्या भरात बोलू?

पण कागदावरून आठवलं. या नोकरीसाठी मी परीक्षा दिली होती, नियमावली घोकून घोकून. त्यात पहिल्याच पानावर होतं: टाकी म्हणजे, एकाहून अधिक जनावरांचं दूध एकत्र जमा होतं असं झाकणाचं कोणतंही भांडं. आणि पुढे: नवी टाकी आढळल्यास नमुना घेणाऱ्यानं तिची नोंद करून घ्यावी. घेणारा म्हणजे मी. आढळली. नोंद करते!

दुपारी नोंदणीच्या खिडकीपाशी उभी राहिले. खिडकीतले भाऊ गेली पंधरा वर्षं तिथेच आहेत, चष्मा कपाळावर आणि पेन कानावर.

“सात नंबर गोठा, नवी टाकी, चार नंबर,” मी म्हणाले.

“क्षमता?”

“पंधरा.”

“पंधरा हजार?”

“पंधरा लिटर.”

भाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “ताई, ही बादली आहे.”

“नियम वाचा. एकाहून अधिक जनावरं. सहा आहेत.”

“झाकण?”

“घट्ट बसतं. अकरा महिने मी त्यावर पेटी ठेवतेय, अजून तुटलं नाही.”

“थंड करायची सोय?”

“तिथे ‘असल्यास’ लिहिलंय. नाहीये.”

भाऊंनी नियमावली काढली, बोट फिरवत वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “हे माझ्या अंगाशी येईल.”

“माझ्याही येईल. माझी बहीण घरी निपचित पडलीय, भाऊ. शिक्का मारा.”

त्यांनी मारला. वर म्हणाले, “भांड्यावर नंबर रंगवलेला पाहिजे, दिसेल असा.” रंग कुठून आणू तेवढ्यात? धाकटीकडे गेले, तिच्या कपाटातून लाल नेलपॉलिश घेतलं. तिनं विचारलं, “कशाला गं?” बोलताना दोनदा थांबली, दम लागत होता. मी म्हणाले, “बादलीला लावायला.” ती म्हणाली, “महागातलं आहे, सगळं नको संपवूस.” तेवढ्यातही तिला चेष्टा सुचली.

शुक्रवारी पहाटे बादलीवर लाल चार काढला. मुकादम कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, “बाटलीताई, वेड लागलं का तुम्हाला? मालकांना काय सांगू?” मी म्हणाले, “सांगा, तुमच्या गोठ्यात आता चार टाक्या आहेत. अभिनंदन सांगितलंय म्हणा.” आणि भिंतीवरचा तो हिरव्या चौकोनाचा कागद ओरबाडून काढला. चिकटपट्टीबरोबर रंगाचे पोपडे निघाले. निघू देत.

चारही नंबरांच्या बाटल्या भरून मी स्वतः प्रयोगशाळेत गेले. मशीननं चार नंबर मागितला, चार नंबर मिळाला, मशीन खूश. त्याच दुपारी धाकटीचे ओठ निळसर दिसायला लागले. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, ऑक्सिजन लावला. तिथेही तेच. कॉम्प्युटर, हिरवा चौकोन, न्यूमोनिया असेल, बघू. मी सांगत होते, ओरडत होते, हात जोडत होते. सगळे समजूतदारपणे मान हलवत होते. अशी मान मीही त्या मांजरांच्या वेळी हलवली होती.

शनिवारी सकाळी दहाला प्रयोगशाळेतल्या त्या मुलीचा फोन आला. म्हणाली, “ताई, चार नंबर... आढळला. खूप आहे. बाकी तिन्ही टाक्या स्वच्छ आहेत.”

मी वॉर्डात धावले. डॉक्टरांना म्हणाले, आता बघा. त्यांनी बघितलं. चौकोन लाल झाला होता. आणि काय सांगू, दहा मिनिटांत सगळं हललं! नर्स किट घेऊन आली, डोळ्यातला नमुना घेतला, घशातला घेतला, गोळी आली, खोली वेगळी केली, मलाही तपासलं. बाई तीच, फुफ्फुसं तीच, डोळे तेच. फक्त एका चौकोनाचा रंग बदलला होता. मला आनंद व्हायला हवा होता आणि मी रागानं धुमसत होते. डॉक्टर म्हणाले, “हे औषध पहिल्या दोन दिवसांत मिळालं तर फार चांगलं काम करतं.” मी बोटं मोजली. सहावा दिवस होता.

धाकटी वाचली. एकोणीस दिवसांनी घरी आली. आता दोन जिने चढायला तीनदा थांबते, आणि गोठ्यावर परत जाणं जमेलसं डॉक्टरांना वाटत नाही. तिच्याबरोबर हातानं धारा काढणारी आणखी दोघं निघाली, त्यांना मात्र औषध पहिल्याच दिवशी मिळालं. ती दोघं आठवड्यात कामावर. मुकादमानं चष्मे आणले, डझनभर.

आणि खात्यानं काय केलं? मला वाटलं, सगळ्या गोठ्यांच्या बादल्या तपासायला घेतील. कसलं काय! पत्र आलं: ‘सात नंबर गोठा, टाकी क्रमांक ४, नोंद रद्द. कारण: बादली.’ पुढच्या पंधरवड्यात तिन्ही टाक्या स्वच्छ आल्या आणि चौकोन पुन्हा हिरवा. साहेब म्हणाले, “आपल्या विभागाची यादी वर्षभर हिरवी होती हो. तुम्ही एका बादलीपायी डाग लावलात.” यादीला डाग लागला म्हणे. माझ्या बहिणीच्या फुफ्फुसाच्या फोटोवर केवढे डाग आहेत, तो फोटो मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटा धरला होता. मग हा छापील कागद आला.

काल धाकटीकडे गेले होते. खिडकीशी बसून ती भाचीच्या वेण्या घालत होती, मध्ये थांबत, श्वास घेत. मी खूप दिवस मनात ठेवलेलं बोलले. म्हटलं, “त्या रविवारी मी तुला खुशाल काम कर म्हणाले.”

ती म्हणाली, “तुला तरी काय माहीत होतं गं.” आणि वेणीला रिबीन बांधली.

तिनं भांडायला हवं होतं. गायींना घालायची तशा चार शिव्या मला घालायला हव्या होत्या. मी सगळ्यांशी भांडले, खात्याशी, मशीनशी, खिडकीशी. माझ्याशी भांडायला कोणी तयारच नाही.

असो. कागद पुढे घेतलाय. पहिल्या ओळीत लिहिलं: नियमाप्रमाणे एकाहून अधिक जनावरांचं दूध जमा होतं ते झाकणाचं भांडं म्हणजे टाकी, बादलीत सहा गायींचं दूध होतं. दुसऱ्या ओळीत: विषाणू त्या दुधात सापडला, तिन्ही टाक्यांत नाही. तिसऱ्या ओळीत: माझ्याकडच्या बाकी एकोणीस गोठ्यांवरही अशा बादल्या आहेत, त्यांची नोंद मी याच महिन्यात करणार आहे, सात नंबरची पुन्हा करणार आहे, रद्द केलीत तर तिसऱ्यांदा करीन.

चौथी ओळ बराच वेळ रिकामी होती. आत्ता लिहिली: बहिणीनं चष्मा हवा का विचारलं तेव्हा ‘काही होत नाही’ असं मी तिला सांगितलं, माझ्याकडे चष्मा असताना, त्याचा खुलासा आपण मागितलेला नाही आणि माझ्याकडे तो नाही.